बसऱ्याचा आज्जा

आमच्या माहेरच्या देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी तळहाताएवढी गोल, जड थाळी उभी करून ठेवलेली असायची. तिच्यावर एक उंच बाई आणि बाईच्या पायाशी सिंह. बाई म्हणजे राणी, असं घरात ठरलेलंच होतं, म्हणून ते ‘राणीचं ताट’. नवरात्र-दिवाळीला घरातली सगळी तांब्या-पितळेची भांडी चिंच आणि राख लावून घासली जायची, त्यात हे ताटही असायचं. घासून झालं की त्याला हळदकुंकू. कुणाचं म्हणून विचारलं तर उत्तर एकच, बसऱ्याच्या आज्ज्याचं.

हा आज्जा म्हणजे माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ. तरुणपणी लढाईला गेला आणि बसऱ्याकडं मेला, एवढीच त्याची गोष्ट. नाव कुणाला सांगता यायचं नाही. सर्वपित्री अमावस्येला म्हाळ घालताना चुलते एकेका पितराचं नाव घेऊन पान वाढायचे आणि शेवटचं पान ठेवताना नुसतं ‘बसऱ्याला गेलेल्याचं’ म्हणायचे. बसरा हे तिलारीच्या घाटाखालचं एखादं गाव असणार, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

लग्न होऊन मी कोल्हापुरात आले आणि बँकेतल्या नोकरीत हे सगळं मागं पडलं. वडील वारल्यावर भावानं जुनं घर उतरवून स्लॅबचं बांधायला काढलं. सामान बाहेर निघताना ताट माझ्या हातात देऊन तो म्हणाला, “तू रिटायर झालीयास. कोल्हापुरात कुणाला तरी दाखव, काय हाय ते तरी कळू दे.”

गुजरीतल्या आमच्या नेहमीच्या सराफांकडं ते घेऊन गेले. त्यांनी हातावर तोलूनच सांगितलं की हे पितळ नाही, ब्राँझ आहे. मग डोळ्याला भिंग लावून बसले. कडेनं गोल फिरणारी इंग्रजी अक्षरं झिजली असली तरी लागत होती. स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी त्यानं प्राण दिला, अशा अर्थाची ती ओळ. कुणाचं स्वातंत्र्य, हा प्रश्न सराफांनीच विचारला. बाईनं पुढं धरलेल्या पानांच्या कड्याखाली एक चौकट होती. तिथं एखाद-दुसऱ्या अक्षराचा फुगवटा बोटाला लागत होता, बाकी सगळं गुळगुळीत.

त्या चौकटीत त्याचं नाव होतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याच्या फौजेत मेलेल्यांच्या वारसांना अशी ताटं पाठवली गेली, तेरा लाखांहून जास्त. हुद्दा मुद्दामच घातला नव्हता. जनरल असो की शिपाई, फक्त नाव. आमच्या घरातल्या बायकांनी शंभर वर्षं मनोभावे घासून ते नाव पुसून टाकलं होतं. मी स्वतः किती दिवाळ्यांना ते घासलंय, ते आठवून मला हसू आलं आणि मग बराच वेळ काही सुचलं नाही.

नाव शोधायचं ठरवलं ते तिथं, गुजरीत.

सुरुवात आत्यापासून. ती वडिलांची थोरली बहीण, ऐंशी कधीच उलटलेली, गडहिंग्लजला लेकाकडं असते. कान शाबूत आहेत आणि जीभ त्याहून शाबूत.

“आत्या, त्याचं नाव काय होतं गं?”

“नाव कोण घेतंय? तरणाताठा गेलेला, अंगाला हळद न लागलेला. नाव निघालं की त्याची आई चुलीम्होरनं उठून जायची म्हणं. मग बंदच केलं सगळ्यांनी.”

“पदक वगैरे काही?”

“होतं की. रुप्याचा बिल्ला होता. बाबानं माझ्या लग्नात आटवला आणि पैंजण केलं मला.”

त्या बिल्ल्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. म्हणजे मला जे जे हवं होतं ते सगळं त्या एका गोल कडेवर होतं. पैंजण तरी आहेत का, असं विचारलं. ते मोडून नातवाला करदोटा केला, म्हणाली. करदोट्याचं विचारण्यात अर्थ नव्हता.

जेवण झाल्यावर भांडी आवरताना आत्याच म्हणाली, “आमच्या थोरल्या आत्तीची एक ओवी हाय बघ त्याच्यावर.” थोरली आत्ती म्हणजे त्या शिपायाची सख्खी बहीण. आत्याला ती जात्यावरची आठवत होती.

आगीनबोटीचा धूर दिसतो काळा काळा
जंगी पलटणीत माझा बंधवराया बाळा

मी ती मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतली, गोड वाटली म्हणून. तिच्यात माहिती आहे हे मला कळलं ते घरी आल्यावर, आमच्या कॉलनीतल्या सुभेदारांमुळं. ते शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचे. त्या गावात घरटी फौजी, गावाच्या नावातच सैनिक. ओवी ऐकून ते लगेच म्हणाले, “वहिनी, जंगी पलटण म्हणजे फर्स्ट मराठा. आमची सेकंड, काळी पाचवीण. तुमचा माणूस जंगीचा.” मराठा लाइट इन्फंट्रीच्या जुन्या पलटणींना अशी घरगुती नावं आहेत आणि फौजी ती नंबरापेक्षा जास्त वापरतात. जंगी पलटण १७६८ सालची. १९२२ मध्ये सगळ्या मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये आणल्या तेव्हा ती पहिली झाली. त्याआधी, म्हणजे लढाईच्या काळात, तिचा नंबर १०३ होता.

पलटण मिळाली. नाव नव्हतंच.

दिल्लीतल्या भाच्याला वाटत होतं की इंडिया गेटवर असेल. तिथं तेरा हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत, पण ती मुख्यतः वायव्य सरहद्द आणि तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्यांची. कोल्हापुरात एका सरकारी कचेरीत गेले. तिथल्या बाई चांगल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या पेन्शनरांपासूनचं सांगू शकतो म्हणाल्या, त्याच्या मागचं काही नाही. करवीर नगर वाचन मंदिरात काही दिवस बसले. शाहू महाराजांनी त्या लढाईत मराठा भरतीला कसं पाठबळ दिलं, त्याबद्दल पुष्कळ वाचलं. पण त्यात शिपायांची नावं कशाला असतील? आणि तसंही आमचं गाव तेव्हा कोल्हापूर संस्थानात नव्हतंच. ते पुढं कामाला आलं, म्हणून आत्ता नुसतं सांगून ठेवते.

नाव मिळालं हेळव्याकडून.

शहरात वाढलेल्यांना हेळवी माहीत नसतील. कोल्हापूर-बेळगावच्या पट्ट्यात हे लोक घराण्यांच्या वंशावळी सांभाळतात. प्रत्येक हेळव्याची गावं ठरलेली, घराणी ठरलेली. पूर्वी बैलावर बसून यायचे, आता मोटारसायकलवर. काही वर्षांनी एकदा सुगी झाल्यावर येतात, ओट्यावर बसून मूळ पुरुषापासून नावं वाचतात, मधल्या काळात जन्मलेल्यांची नोंद करतात, धान्य आणि पैसे घेऊन पुढच्या गावाला जातात. घरी कानडी बोलतात, आमच्याशी मराठी. लहानपणी हेळवी आला की आम्ही पोरं कंटाळून पळून जायचो, कारण नुसती नावं, नावं आणि नावं.

भावाचा फोन आला, हेळवी आलाय. मी मिळेल ती एसटी धरली आणि गडहिंग्लजवरून गाव गाठलं. हेळवी तिशीचा पोरगा, जीन्स घातलेला, पण चोपडी आजोबांच्या हातची. जुनी पानं मोडीत होती आणि त्याला मोडी यायची. माझ्या बहिणीच्या इंजिनियर पोराला येत नाही, याला येत होती. तो खालून वर न जाता वरून खाली वाचतो, मध्येच थांबवलं की त्याची लय तुटते, म्हणून आम्ही गप्प बसलो. खापरपणजोबांचं नाव आलं. त्यांची मुलं आली. थोरला म्हणजे माझे पणजोबा. मग एक नाव, आणि त्यानं त्याच सुरात पुढं वाचलं, “लढाईत मयत, पुढं वंश नाही.” आणि पुढच्या माणसावर गेला.

भाऊ म्हणाला, “थांब, थांब. परत वाच.”

साधं नाव. पण आमच्या अख्ख्या भावकीत त्यानंतर ते कुणालाही ठेवलेलं नाही. आज्जाचं नाव नातवाला ठेवायची आमच्याकडं रीत, त्यामुळं तीच पाच-सहा नावं फिरत असतात. हे मात्र एकदाच येऊन थांबलं होतं. ते मी इथं लिहीत नाही. आत्याला विचारलं होतं. “घरात घे, भाईर नगं,” म्हणाली. तिचा शब्द मोडायचा नाही.

आता नाव, बापाचं नाव, गाव आणि पलटण, चारही गोष्टी हातात होत्या. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन नावाची संस्था आहे, १९१७ साली स्थापन झालेली. दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूनं मेलेल्यांची नोंद ती ठेवते आणि ही नोंद कुणालाही फुकट बघता येते. आपल्याकडं अनेक घरांत असा एखादा ‘लढाईला गेलेला’ असतो, म्हणून शोधायचं कसं ते जरा सविस्तर सांगते.

नाव टाकून सापडेल ही आशा सोडायची. भरतीच्या वेळी गोऱ्या साहेबासमोर बसलेल्या कारकुनानं जे ऐकलं ते इंग्रजीत लिहिलं. एकच ‘धोंडी’ चार तऱ्हांनी येतो. आडनाव कधी असतं, कधी नसतं, कधी नाव-आडनाव एकत्र करून आडनावाच्या रकान्यात टाकलेलं असतं. त्यापेक्षा पहिलं महायुद्ध, भारतीय फौज आणि पलटण एवढंच निवडायचं आणि मग जादा माहितीच्या रकान्यात गावाचं किंवा जिल्ह्याचं नाव शोधायचं. तिथं बहुतेक वेळा ‘अमुक याचा मुलगा, राहणार तमुक’ असं असतं. आपल्याला घराण्यातलं बापाचं नाव ठाऊक असेल तर खरी ओळख तिथं पटते.

जिल्हा मात्र तेव्हाचा टाकायचा. आमचा चंदगड तालुका आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे, पण १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत तो बेळगाव जिल्ह्यात होता. मघाशी राखून ठेवलेली गोष्ट ती हीच. कोल्हापूर टाकून आमचं काहीच निघालं नसतं. बेळगाव टाकल्यावर यादी आली. गावाच्या नावातल्या ‘ड’चा ‘र’ झालेला, एक काना जास्तीचा. बापाचं नाव बरोबर. त्याचं नाव जवळजवळ बरोबर.

शिपाई, १०३ मराठा लाइट इन्फंट्री. एक नंबर. मृत्यू २४ डिसेंबर १९१५. स्मारक, बसरा. वयाचा रकाना कोरा. हेळव्याच्या चोपडीवरून आणि पणजोबांच्या जन्मावरून आम्ही हिशेब केला तर विशीच्या आत-बाहेर.

रात्र झाली होती. घरात मी एकटीच जागी. नवऱ्याला उठवून सांगावं असं वाटलं, पण त्यांना सकाळी चालायला रंकाळ्यावर जायचं होतं. मी ती नोंद परत परत उघडून बघत बसले.

बसरा स्मारकाचं कळलं ते मला झोंबलं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, १९१४ पासून १९२१ पर्यंत मेलेल्या आणि ज्यांची कबर माहीत नाही अशा चाळीस हजारांहून जास्त जणांचं ते स्मारक. बहुसंख्य भारतीय. पण भिंतीवर नावं कोरली ती गोऱ्यांची आणि भारतीय अंमलदारांची. आपल्या शिपायांसाठी पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा, इतके आणखी भारतीय शिपाई म्हणून. नावं वहीत. कमिशननं २०२१ मध्ये स्वतःच एक अहवाल काढून हा भेदभाव मान्य केला आणि माफी मागितली. माफीनं दगडावर नाव उमटत नाही, हे आहेच. शिवाय ते स्मारकही मूळ जागी राहिलेलं नाही. शत्त-अल-अरबच्या काठावरून १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमानं ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, बत्तीस किलोमीटर लांब नेऊन परत उभं केलं.

तारीख हाती आल्यावर ती लढाई वाचायला घेतली. शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात बसून वाचलं, थोडं इकडचं तिकडचं. मला युद्धाच्या पुस्तकांची गोडी कधी नव्हती. डावी बगल, उजवी बगल माझ्या डोक्यात राहत नाही. पण यात एक माणूस आमचा होता म्हणून वाचलं.

सहाव्या पुणे डिव्हिजनमधून ही पलटण गेली. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा पडलं. तिथून जनरल टाउनशेंड टायग्रिस नदीच्या काठानं वर वर सरकत राहिला. अमारा घेतलं, सप्टेंबरात कुत घेतलं, आणि बगदादचा मोह सुटेना. २२ नोव्हेंबर १९१५ ला तेसिफोनला, बगदादच्या तोंडाशी, तुर्कांशी गाठ पडली. तिथं चार हजारांहून जास्त माणसं मेली आणि जखमी झाली. उरलेले मागं हटत डिसेंबरच्या सुरुवातीला कुतला पोचले आणि ७ डिसेंबरपासून कुतला वेढा पडला.

कुत म्हणजे नदीच्या वळणात अडकलेलं गाव. तीन बाजूंना टायग्रिस, चौथी बाजू मोकळी. त्या मोकळ्या बाजूच्या एका टोकाला जुना मातीच्या भिंतींचा किल्ला. तो भाग सतराव्या ब्रिगेडकडं होता आणि १०३ मराठा त्याच ब्रिगेडमध्ये. २४ डिसेंबरला तुर्कांनी सकाळपासून तोफा चालवून किल्ल्याच्या भिंतीला भगदाड पाडलं आणि आत घुसले. रात्रीपर्यंत हातघाई झाली. हल्ला परतवला गेला.

नोंदीत कसा मेला ते नसतं. पण तारीख आणि ब्रिगेड एकत्र ठेवल्यावर मला अंदाजाची फार गरज वाटली नाही. सुभेदारांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि एवढंच विचारलं, “भरती कधीचा?” मी म्हटलं, ते नाही मिळालं. “लढाईच्या तोंडावर झाला असंल तर दीड वरीस बी नोकरी न्हाई. पगार अकरा रुपये.” अकरा रुपयांचं मलाही माहीत होतं, १९१४ चा शिपायाचा महिन्याचा पगार. पण त्यांच्या तोंडून ऐकताना ते वेगळं लागलं.

वेढ्याची पुढची हकीकत भयंकर आहे. जानेवारीनंतर रसद कापत गेले. घोडे आणि खेचरं मारून खायची वेळ आली. आपल्या बऱ्याच शिपायांनी ते मांस घ्यायला नकार दिला. जातीबाहेर टाकलं तर घरी गेल्यावर मुलींची लग्नं कशी होणार, ही भीती. हिंदुस्थानातून धर्माच्या माणसांचे निरोप मागवले, खायला हरकत नाही म्हणून. तरी कित्येकांनी शेवटच्या आठवड्यांपर्यंत तोंड लावलं नाही आणि ते उपासानं, स्कर्व्हीनं खंगत गेले. बाहेरून सोडवायला आलेल्या फौजेची तेवीस हजार माणसं मेली-जखमी झाली, पण वेढा फुटला नाही. २९ एप्रिल १९१६ ला कुत शरण गेलं. सुमारे तेरा हजार माणसं कैदेत. त्यांना वाळवंटातून चालवत नेलं आणि हिंदी शिपायांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. हजारो परत आले नाहीत.

हे सगळं घेऊन मी आत्याकडं गेले. राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानात नोंदीचं प्रमाणपत्र छापून लॅमिनेट करून घेतलं होतं. कमिशनच्या साइटवरून ते असं कुणालाही काढता येतं. दुकानातला पोरगा म्हणाला, काकू, एकोणीसशे पंधरा टाइप करताना चूक झाली का बघा. मी म्हटलं, बरोबर आहे.

आत्यानं प्रमाणपत्र हातात धरलं, उलटं-सुलटं बघितलं, मांडीवर ठेवलं. मी नदी, किल्ला, वेढा असं सांगत गेले. ती मध्येच म्हणाली, “उपाशी मेला काय गं त्यो?”

मी थांबले.

“आमची आई सांगायची, बसऱ्याला लोकं उपाशी मेली म्हणून. म्हणून त्याच्या आईनं जल्मभर रात्री भाकरी झाकून ठेवली चुलीम्होरं. कुणी खायची न्हाई. सकाळी गाईला.”

शंभर वर्षांपूर्वीच्या वेढ्याची बातमी चंदगडच्या जंगलातल्या गावात पोचली होती, परत आलेल्या कुठल्यातरी शिपायाच्या तोंडून. नावाला घरात बंदी होती, पण ही भीती मात्र आईकडून लेकीकडं, सासूकडून सुनेकडं येत राहिली होती. आणि या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं होतं. मी तिला सांगितलं, नाही आत्या. उपासमार पुढं, संक्रांत झाल्यावर सुरू झाली. हा मार्गशीर्षात गेला. तोपर्यंत खायला मिळत होतं.

“जेवून गेला म्हण की.”

“जेवून गेला.”

ती रडली नाही. “मग बरं हाय,” म्हणाली आणि चहा टाकायला सुनेला हाक मारली.

म्हाळाचा प्रश्न मात्र सुटला नाही, म्हणजे माझ्या मनासारखा सुटला नाही. शस्त्रानं मरण आलेल्याचं महालयातलं श्राद्ध भाद्रपद वद्य चतुर्दशीला करतात. पंचांगात तसं छापलेलं असतं. अमावस्येचा आदला दिवस. आमच्या घरी कसा मेला हे माहीत नव्हतं, म्हणून त्याचं पान अमावस्येला. आता माहीत झालं. गुरुजींना विचारलं, ते म्हणाले, शास्त्राप्रमाणं चतुर्दशीलाच घ्या. भावाची हरकत नव्हती. मी उत्साहानं आत्याला फोन केला.

“का गं? शंभर वर्सं त्यो अवसेला येतोय जेवायला. तू दीस बदललास आणि त्यो आला त्याच्या दिवशी, तर त्याला वाढणार कोण?”

यावर गुरुजींकडंही उत्तर नव्हतं. म्हाळ अमावस्येलाच झाला. पान तेच, शेवटचं. भावानं फक्त नाव घेतलं. पहिल्यांदा घेताना तो जरा अडखळला, कारण ते नाव तोंडात बसलेलं नाही.

मला वाटलं, संपलं. पण नोंदी शोधताना त्याच यादीत आमच्या गावाची आणखी नावं मला दिसली होती आणि ती डोक्यातून जाईनात. आमच्या जुन्या चावडीत एक संगमरवरी पाटी आहे. इंग्रज सरकारनं लढाईनंतर गावोगाव बसवल्या, तसली. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतके मेले. इथंही आकडाच. चावडीत आता ग्रामपंचायतीचं जुनं फर्निचर ठेवतात. पाटी बघायची तर एक लोखंडी कपाट सरकवावं लागतं.

त्या आकड्याला नावं लावायची असं आता मी आणि भावानं घेतलंय. दोन अजून कमी पडतात. कदाचित ती माणसं दुसऱ्या कुठल्या पलटणीत असतील, कदाचित गावाचं नाव ओळखू येणार नाही इतकं बिघडलं असेल. सरपंच म्हणतात, पूर्ण यादी आणा, मग पाटीखाली दुसरी पाटी लावायचा ठराव घेऊ. एक सदस्य म्हणाले, इंग्रजांसाठी मेलेल्यांची नावं पंचायतीनं कशाला लावायची? त्यांच्याशी मी वाद घातला नाही. त्यांच्या भावकीतलं एक नाव माझ्या यादीत आहे, ते अजून त्यांना सांगितलेलं नाही. हेळवी परत यायला वेळ आहे आणि बापाचं नाव त्याच्या चोपडीशी ताडून बघितल्याशिवाय सांगायचं नाही, असं मी ठरवलंय.

बाकीच्या घरांत जाऊन आलो. एका घरात म्हातारबा म्हणाले की असं कुणी आमच्यात नव्हतंच. शेजारच्या घरात त्यांच्याच चुलतभावानं सांगितलं की होता, त्याच्या वाटणीच्या शेतावरूनच तर भांडण आहे. तिसऱ्या घरात सुनेनं सगळं नीट ऐकून घेतलं, प्रमाणपत्राचा मोबाइलवर फोटो काढला आणि आतून सासऱ्यांना बोलावलं. त्यांनी प्रमाणपत्र दोन्ही हातांनी धरून वाचलं, नाव बोटानं दाखवून ‘ह्योच’ म्हणाले, आणि मग मला विचारलं, “ताई, ह्याची पेन्शन कुणी उचलली असंल?”

तेही आता शोधतोय.